अरे, एकदा तरी लांब फेका!

३५-०.

१ जानेवारी २०२४, नवीन वर्षाचा पहिला दिवस, ऑरलँडोचं मैदान, सगळा देश टीव्हीसमोर, आणि आपल्या आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा भोपळा. महिन्याभरापूर्वी मिशिगनकडून २६-० खाऊन झालंच होतं. म्हणजे लागोपाठ दोन सामने, आठ क्वार्टर, ६१ गुण अंगावर आणि आयोवाच्या खात्यात शून्य. शून्य म्हणजे शून्य. चुकून एखादी फील्ड गोल सुद्धा नाही.

ज्यांना अमेरिकन फुटबॉलमधलं काही कळत नाही त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा, मी आज समजावून सांगायच्या मूडमध्ये नाही. (सांगणारच आहे थोडं, मला माहितीये.)

हरलो म्हणून वैतागलो नाहीये. हरण्याची सवय आहे. वैतागलो ते लेकीच्या एका प्रश्नाने. तेरा वर्षांची आहे, इथेच आयोवा सिटीत जन्मली. चौथ्या क्वार्टरमध्ये, दुसरा डाऊन, म्हणजे दुसरी संधी, फुकट गेल्यावर, सोफ्यावर सरसावून बसत म्हणाली, "बाबा, आता पंट ना?" मी म्हटलं, अगं तिसरा डाऊन बाकी आहे अजून. तर म्हणते, "हो, पण नंतर पंटच ना?"

चेष्टा नव्हती त्यात. आपण सचिनची बॅटिंग यायची वाट बघायचो ना, तशी ती वाट बघत होती. पोरीच्या आयुष्यातला पहिला क्रीडानायक कोण, तर पंटर! चार संधींमध्ये दहा यार्ड पुढे जायचं असतं. तीन संधींत जमलं नाही, तर चौथ्याला बॉल लाथ मारून समोरच्याच्या हद्दीत लांब पाठवायचा, त्याला म्हणतात पंट. म्हणजे थोडक्यात 'आमच्याने होत नाही, तुम्ही घ्या' असं सांगण्याची सभ्य पद्धत. आणि त्या पद्धतीत आम्ही देशात पहिले! आजच्या ३५-० मध्ये आपल्या टोरी टेलरने एका हंगामात सर्वाधिक पंट यार्डांचा विक्रम मोडला. आधीचा होता १९३८ चा. पंच्याऐंशी वर्षं टिकलेला. या हंगामात ९३ पंट, ४,४७९ यार्ड. पोरगा मेलबर्नचा, आमच्यासारखाच एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेला, त्यामुळे बाकीचे खेळाडू जाहिरातींतून कमावतात तसं त्याला कमावताही येत नाही. त्याच्याबद्दल मला प्रेमच आहे. 'पंट म्हणजेच विजय' अशा अर्थाचा इंग्रजी टी-शर्ट आमच्या घरात दोन मापांत आहे. पण अरे, ९३ वेळा त्याला मैदानात यावं लागलं याचा अर्थ ९३ वेळा बाकीच्यांना काही जमलं नाही, याचा अभिमान कसला बाळगायचा?

आता मूळ मुद्दा. लांब पास. आयोवाला लांब पास फेकायची भीती वाटते. तिसरा डाऊन, नऊ यार्ड हवेत, आणि आम्ही पास टाकणार चार यार्डांचा. तो झेलणारा जागीच आडवा. मग पंट. वर्षानुवर्षं हेच. मी इथे आलो तेव्हा अंगात एक स्वेटर आणि हातात दोन सुटकेसा होत्या. आता केस पिकले, तरी नऊ हवेत तिथे चारच.

आणि इथेच ती जुनी गोष्ट आठवते. ओळखीच्यांनी दहादा ऐकली असेल. अकराव्यांदा ऐका.

१ जानेवारी २००५. मला आयोवात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. आम्ही तीन पोरं, मी साताऱ्याचा, एक नाशिकचा, एक हैदराबादी, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालक आजोबा एकटेच. जन्म शेतीत गेलेला, गुडघे गेल्यावर शेत विकून गावात आलेले. त्यांनी आम्हाला दुपारी सामन्याला खाली बोलावलं. चिली केली होती आणि सोबत सिनॅमन रोल. तिखट राजम्याबरोबर गोड बन खायचा ही आयोवाची खासियत, हसू नका, सवय लागते. नाशिकवाला शाकाहारी म्हणून आजोबांनी त्याच्यासाठी एक लहान भांडं वेगळं लावलं होतं, बीफ न घालता, आणि त्यावर चिकटपट्टी लावून 'गाय नाही' असं इंग्रजीत लिहिलं होतं. ती चिकटपट्टी मला अजून दिसते.

तेव्हाही ऑरलँडोच, तेच मैदान, हाच एक जानेवारी. कोचही हेच, कर्क फेरेन्ट्झ. समोर एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेटचा संघ, आणि त्यांचा कोच निक सेबन, ज्याचं नाव आता सगळ्या जगाला माहीत आहे. ४६ सेकंद उरले असताना एलएसयूने टचडाऊन करून (म्हणजे बॉल आमच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन) २५-२४ अशी आघाडी घेतली. आजोबा उठले. काही बोलले नाहीत. टीव्हीकडे पाठ केली, चिलीचं पातेलं उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांडी घासायला लागले!

आम्ही तिघं बाहेर. आम्हाला नियम धड कळत नव्हते. मैदानावर गोंधळ उडालेला, घड्याळ पळत होतं, आपल्या पोरांना त्याचा पत्ताच नव्हता. आणि ड्रू टेटने बॉल उचलला आणि फेकला. लांब. वॉरन हॉलोवेने झेलला आणि थेट आत. ५६ यार्ड. वेळ संपली. ३०-२५.

आजोबा हातावर फेस घेऊन दारात आले. "काय झालं?" म्हणे.

आणि हे मी सांगायचं होतं. मी! 'रिसिव्हर' (बॉल झेलणारा) हा शब्दसुद्धा ज्याला येत नव्हता तो मी. मी त्यांना सांगितलं, एकाने खूप लांब फेकला, दुसऱ्याने पकडला, मग कुणी त्याला पकडू शकलं नाही. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, आणि खुर्चीत बसून फेसाळ हातांनी तोंड झाकून रडले.

त्या हॉलोवेचा कॉलेजमधला तो एकमेव टचडाऊन. पाच वर्षांचं कॉलेज, एक टचडाऊन, आणि गावात त्याला अजून चहा फुकट मिळत असेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की फेरेन्ट्झसाहेबांना लांब पास माहीत नाही असं नाही. त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात लाडका क्षण लांब पासचाच आहे. पण मला आज असं वाटतंय (आणि हे लिहिताना राग पुन्हा चढतोय) की त्या दिवशी तो पास गेला याचं कारण विचार करायला वेळ उरला नव्हता. घड्याळात अजून चाळीस सेकंद असते तर? चार यार्ड. पक्कं चार यार्ड.

मराठी मित्रांसाठी एका ओळीत आयोवा सांगतो. १९७५, लॉर्ड्स, समोर इंग्लंडचे ३३४, आणि आपले गावसकर ६० षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६. तो एक दिवस होता, माणसाचा एखादा दिवस असतो. आमच्याकडे तो कार्यक्रम आहे. गावसकरांचा अपमान करायचा हेतू नाही, कमेंटमध्ये येऊ नका.

२०२२ चा पहिला सामना आठवा. आयोवा ७, साउथ डकोटा स्टेट ३. सात गुण म्हटलं की लोकांना वाटतं एक टचडाऊन झाला असेल. नाही हो. एक फील्ड गोल, तीन गुण. आणि दोन सेफ्टी, दोन-दोन गुण, ते बचाव फळीने समोरच्यांना त्यांच्याच गोलरेषेमागे लोळवून मिळवलेले. जिंकलो! आणि मैदानातून बाहेर येणाऱ्यांची तोंडं तेराव्याला जेवून आल्यासारखी.

मग फेब्रुवारी २०२३ मध्ये आक्रमणाचे कोऑर्डिनेटर (डावपेच ठरवणारे) ब्रायन फेरेन्ट्झ, म्हणजे कोचसाहेबांचे चिरंजीव, यांच्या करारात अट आली: सामन्यागणिक सरासरी २५ गुण हवेत आणि सात विजय. पंचवीस! आणि त्यात बचाव फळीने केलेले गुणही धरायचे. म्हणजे जावयाच्या पगारात सासऱ्याची पेन्शन मिळवून सांगा, चालेल. तरी हिशेब काय, तर १४ सामने, २१६ गुण. सरासरी साडेपंधरा सुद्धा नाही. ऑक्टोबरच्या शेवटी जाहीर झालं की हंगामानंतर ते नसतील. आज त्यांचा शेवटचा सामना होता. घरच्याच पोराला एवढी वर्षं तिथे बसवलं, यावर मी जास्त बोलत नाही, आपल्याकडे साखर कारखाने बघितलेल्या माणसाने बोलूही नये.

बरं, ठीक आहे. दहा सामने जिंकलो हेही खरं. फिल पार्करची बचाव फळी सोन्यासारखी आहे. आणि पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, मॅकनमारा सप्टेंबरमध्ये गुडघ्याने गेला, पास झेलणारे दोन्ही चांगले टाईट एंड जखमी झाले, मग फेकणार कोण आणि कुणाकडे? मान्य. विस्कॉन्सिनच्या सामन्यात आमच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या दुपारी मिळून ३७ यार्डांचे पास पुरे केले, तरी १५-६ ने जिंकलो. मान्य, मान्य. जिंकल्यावर कुणी कॅसेट मागे फिरवून बघत नाही.

पण मला त्यातलं गणितच पटत नाही. लांब पास म्हणजे जुगार आणि छोटा पास म्हणजे एफडी, हा समज चुकीचा आहे. तुम्ही लांब फेकतच नाही हे एकदा समोरच्याला कळलं की त्याची मागची माणसं पुढे येऊन उभी राहतात. मग तुमची धावण्याची वाटही बंद आणि तुमचे ते लाडके चार यार्डही बंद. एखादा लांब पास नुसता जमिनीवर पडला तरी काम करून जातो. समोरचे दोघे चार पावलं मागे सरकतात, पुढचा अर्धा तास मागेच राहतात. तुम्ही जपून खेळता म्हणून सुरक्षित असता असं नाही, तुम्ही फक्त हळूहळू कोंडले जाता. हे मी टीव्हीसमोर उभा राहून बायकोला सांगत होतो तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "तुझ्या ग्रीन कार्डच्या रांगेचं काय झालं रे?"

...

हो. तेही आहे. मी कुणाला सांगतोय! किती वर्षं झाली, एकच कंपनी. मधे एकदा डेन्व्हरच्या एका छोट्या कंपनीची ऑफर होती, कामही मनासारखं. पण अर्ज पुन्हा करावा लागेल, एच-वन हा नोकरीचा व्हिसा बदलावा लागेल, पोर लहान आहे, घराचा हप्ता आहे. पंट केला. सभ्यपणे, लांबवर, समोरच्याच्या हद्दीत. त्या रात्री आजोबांकडे जाऊन त्यांना सांगितलं, तेव्हा आम्ही त्यांच्या घरात राहत नव्हतो पण रविवारी जायचो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पंटसुद्धा एक डावच असतो.

आता हे आजोबांचं मतही सांगितलं पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना माझी लांब पासची भुणभुण आवडायची नाही. ते म्हणायचे, तू शेती केली नाहीस. शेतकऱ्याला मैदानाची लांबी-रुंदी महत्त्वाची, चांगली जमीन राखायची, गारा पडल्या तर पडल्या, घाई करायची नाही. आणि त्या दिवशीचा एक टचडाऊन अडवलेल्या पंटवर आला होता हे ते मला दरवेळी ऐकवायचे. लांब पास सगळ्यांना आठवतो, तो कुणाला आठवत नाही, म्हणायचे.

पण मग लगेच म्हणायचे, "बरं, सांग बघू काय झालं ते."

आणि मी सांगायचो. एकाने खूप लांब फेकला. त्यांना सगळं पाठ होतं, शंभर वेळा टीव्हीवर बघून झालं होतं, तरी त्यांना ते माझ्या त्या पहिल्या मोडक्या इंग्रजीतच हवं असायचं. मधे 'रिसिव्हर' म्हटलं की थांबवायचे. नाही, 'दुसऱ्याने' म्हण. शेवटची दोन वर्षं ते वृद्धाश्रमात होते, माझं नाव विसरले होते, पण मी खोलीत शिरलो की हात तोंडाजवळ न्यायचे, फेस असल्यासारखे.

तर आज ते नाहीत. ते मैदान तेच, तारीख तीच, कोच तेच. मी चिली केली होती, सिनॅमन रोल दुकानातून आणले. पुढच्या हंगामापासून ओरेगॉन, वॉशिंग्टन, यूएससी, यूसीएलए येतायत आपल्या बिग टेन गटात, त्यातल्या पश्चिम विभागाची ती सोयीची वाटही बंद होतेय. तिथे चार यार्डांवर कसं भागणार देव जाणे. नवा कोऑर्डिनेटर कोण येतो बघू. कुणीही येवो, पहिल्या सामन्यात पहिल्या डाऊनला एकदा फेकून दे बाबा. पडू दे खाली. मी टाळ्या वाजवीन.

सामना संपल्यावर मी लेकीला बसवून २००५ ची गोष्ट सांगितली. आजोबा, पातेलं, नळ, फेस, सगळं. शेवटी 'दुसऱ्याने' म्हणालो, 'रिसिव्हरने' नाही. तिने अगदी मन लावून ऐकलं. डोळे मोठे करून.

मग म्हणाली, "आणि त्या दिवशी आपला पंटर कोण होता?"

मला आठवेना.