फ्रँकलिनच्या वहीला भोकं पडली होती

बेंजामिन फ्रँकलिनचा एक तक्ता गेली कित्येक वर्षं हातोहात फिरतो आहे. तेरा सद्गुण, आठवड्याचे सात रकाने आणि सोबत मजकूर साधारण असा: अमेरिकेच्या या थोर मुत्सद्द्याने १३ आठवड्यांत १३ सद्गुण अंगी बाणवले, रोज पहाटे पाचला उठून, एकही दिवस न चुकवता, आयुष्यभर हा तक्ता भरला, छापखान्यातला पोरगा जगप्रसिद्ध झाला तो यामुळेच, तुम्हीही आजपासून सुरुवात करा.

मी केली होती. तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली आणि वही कपाटात गेली. जाताना ‘आपल्यातच काही दम नाही’ ही समजूत तेवढी मागे ठेवून गेली. पुढे फ्रँकलिनचं आत्मचरित्र मुळातून वाचलं तेव्हा कळलं, की मी जिथे अडलो तिथेच तोही अडला होता, आणि ते त्याने न लपवता लिहून ठेवलं होतं. या मजकुराने नेमकं तेच कापून टाकलं आहे. म्हणून त्यातली एकेक गोष्ट तपासायला हवी.

पहिली, ‘१३ आठवड्यांत १३ सद्गुण’. बेत खरा आहे. १७३० च्या सुमारास, तरुण मुद्रक असताना, त्याने तो आखला. दर आठवड्याला एका गुणावर खास लक्ष, बाकीच्यांची नुसती नोंद. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार. तेर चोक बावन्न, हिशेब चोख बसतो. पण फेरी संपली म्हणजे गुण अंगी आला, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. आला असता तर दुसरी फेरी कशाला लागली असती?

त्याची ती वही डोळ्यांसमोर आणून बघा. प्रत्येक पानावर तांबड्या शाईने आखलेल्या रेघा, उभे सात वार, आडवे तेरा गुण. चूक झाली की त्या चौकटीत काळा ठिपका. नवी फेरी सुरू करताना जुने ठिपके खरवडून काढायचे, म्हणजे नव्या ठिपक्यांना जागा होते. खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली. तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. तिच्यावर रेघा पक्क्या, ठिपके शिसपेन्सिलीचे. ओल्या स्पंजाने पुसले की पान पुन्हा कोरं. सगळे गुण तीन महिन्यांत साधलेल्या माणसाला पुसता येणारी वही लागत नाही. आपल्यात वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त दोष निघाले, याचं त्याला आश्चर्य वाटलं. ते हळूहळू कमी होताना पाहून समाधानही वाटलं. दोन्ही त्याने लिहिलं आहे.

सगळ्यात छळलं ते टापटिपीने. तक्त्यातला तिसरा गुण: प्रत्येक वस्तू जागच्या जागी, प्रत्येक काम वेळच्या वेळी. हा दोष तसाच राहू द्यावा, इथवर त्याचं मन आलं होतं. तिथे तो एका कुऱ्हाडीची गोष्ट सांगतो. शेजारच्या लोहाराकडे एक माणूस कुऱ्हाड घ्यायला आला. पात्याची धार जशी लखलखते तशी सगळी कुऱ्हाड लखलखीत करून हवी, असा त्याचा हट्ट. लोहार म्हणाला, देतो, पण चाक तू फिरव. लोहाराने कुऱ्हाडीची रुंद बाजू दगडावर दाबून धरली, चाक जड झालं, माणसाला धाप लागली. तो मधूनमधून येऊन बघायचा. शेवटी म्हणाला, आहे तशीच द्या. लोहार म्हणतो, फिरव की, होईल हळूहळू, अजून ठिपके आहेत. त्यावर माणूस म्हणतो, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड जास्त आवडते.

ही गोष्ट अनेकदा ‘परिपूर्णतेचा हट्ट नको’ अशा अर्थाने सांगितली जाते. मला ते पटत नाही. फ्रँकलिन पुढे स्पष्ट म्हणतो, की वाईट सवय मोडणं जड गेलं की पुष्कळजण झुंज सोडतात आणि वर ठिपक्यांची कुऱ्हाडच उत्तम ठरवून टाकतात. आपणही मनाची अशीच समजूत घालत होतो, हे तो कबूल करतो. कंटाळ्याला तत्त्वाचं नाव देण्याची ही खोड त्याने स्वतःत पकडली, आणि आत्मपरीक्षण म्हणतात ते मला इथे दिसतं.

‘एकही दिवस न चुकवता आयुष्यभर’ हे तर सपशेल खोटं. फेऱ्या वर्षाला एक, मग काही वर्षांतून एक अशा विरळ होत गेल्या आणि प्रवास व परदेशातली कामं वाढल्यावर पूर्ण बंद पडल्या. वही मात्र तो कायम जवळ बाळगत राहिला.

पहाटे पाचचंही तसंच. वेळापत्रकात पाचला उठणं आहे, पण रात्री दहाला झोपणंही आहे. काम आठ तास, दुपारी दोन तास जेवण-वाचन-हिशेबाला, संध्याकाळी संगीत आणि गप्पा. त्याचं त्यालाच हे पाळता आलं नाही. वेळ स्वतःच्या हातात असलेल्या कारागिराला ते जमेल, तो म्हणतो, पण मालकाला गिऱ्हाइकांच्या सवडीने त्यांना भेटावं लागतं.

आता ‘या तक्त्यामुळेच मोठा झाला’. इथे त्या मजकुराच्या बाजूने जे आहे ते मान्य करायला हवं. १७८४ मध्ये फ्रान्समधल्या पासीला हा भाग लिहिताना, वयाच्या ७९ व्या वर्षापर्यंतच्या सुखाचं श्रेय त्याने देवाच्या कृपेबरोबर या छोट्या युक्तीला दिलं आहे. हातात पैसा आला तो उद्योग आणि काटकसरीमुळे, असंही म्हटलं आहे. पण तिथेच हेही लिहिलं आहे, की ज्या पूर्णत्वाची आस धरली त्याच्या जवळपासही आपण पोचलो नाही, तरी त्या धडपडीने एरवी झालो असतो त्याहून बरा आणि सुखी माणूस झालो. शेवटचा गुण नम्रता. तो मूळ यादीत नव्हताच. तू गर्विष्ठ वाटतोस, असं क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने तोंडावर सांगितलं तेव्हा जोडला. आणि तो प्रत्यक्ष किती आला? नम्रतेचा देखावा बऱ्यापैकी जमला, खरी नम्रता फारशी नाही, अशी त्याची साक्ष आहे. यशाची जाहिरात करणारा असं लिहीत नाही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. आत्मचरित्रातली नीती एका तक्त्यात मावते, हे गृहीतच चुकीचं आहे. १७७१ मध्ये इंग्लंडमध्ये लिहिलेल्या पहिल्या भागात तक्ता नाही. तिथे चुका आहेत. मुद्रकच तो, त्यांना त्याने छपाईतला शब्द दिला: शुद्धिपत्रातल्या चुका. कोवळ्या वयात व्हर्नन नावाच्या माणसाने त्याच्यावर विश्वासून सुमारे ३५ पौंडांची वसुली सोपवली. पैसे आले आणि मित्राला उसने देता देता संपत गेले. व्हर्ननने मागितले असते तर, या धास्तीत पुढची वर्षं गेली. शेवटी मागणी आली तेव्हा त्याने सगळं कबूल करून मुदत मागितली, आणि जमताच मुद्दल व्याजासकट फेडलं.

दुसरी चूक थोरल्या भावाबाबत. जेम्सच्या छापखान्यात शिकाऊ म्हणून उमेदवारी करत असताना, त्या उमेदवारीचा करार गुप्त असल्याने जेम्सला तो चारचौघांत दाखवता येणार नाही हे हेरून, १७२३ मध्ये १७ वर्षांचा बेंजामिन बॉस्टनहून पळाला. जेम्स मारायचा, हे खरं. तरी भावाच्या अडचणीचा फायदा घेतला, असं तो स्वतःविरुद्ध लिहितो. दहा वर्षांनी तो आजारी जेम्सला भेटायला न्यूपोर्टला गेला. माझ्यामागे माझ्या दहा वर्षांच्या मुलाला सांभाळ आणि छपाई शिकव, असं जेम्सने सांगितलं. फ्रँकलिनने पुतण्याला आधी काही वर्षं शाळेत घातलं, मग उमेदवारीला घेतलं. तोवर छापखाना त्या मुलाची आई चालवत होती. जेम्सचे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, झिजले होते, म्हणून फ्रँकलिनने पुतण्याला नव्या खिळ्यांचा संच दिला. उमेदवारी अर्धवट टाकून भावाचं जे बुडवलं, त्याची भरपाई त्याने अशी केली. वहीतला ठिपका ओल्या स्पंजाने जातो; भावाचं देणं फेडायला मात्र खिळे, शाळा आणि कित्येक वर्षं लागली.

याच्या उलट टोकाचा दावाही ऐकू येतो: तो ढोंगी होता, सबब हे सगळं थोतांड. आरोपाला आधार आहे. तक्त्यातला आठवा गुण न्याय, कुणालाही इजा न करणं. आणि त्याच्या घरात गुलाम होते, त्याच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. पत्नी डेबोरा १७७४ मध्ये वारली तेव्हा तो दहा वर्षं इंग्लंडमध्येच होता. यातलं काहीही सौम्य करायची माझी इच्छा नाही. पण मग १७८७ चंही सांगा, त्या वर्षी त्याने पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचं अध्यक्षपद घेतलं. फेब्रुवारी १७९० मध्ये, ८४ व्या वर्षी, अंथरुणाला खिळलेला असताना, गुलामगिरीविरुद्ध काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, गेलेल्या अर्जावर सही केली. दोन महिन्यांनी, १७ एप्रिलला, तो वारला. आत्मचरित्राची कथा १७५७ च्या आसपास येऊन थांबली ती तिथेच, आणि त्यातल्या शुद्धिपत्रात व्हर्नन आहे, जेम्स आहे. त्याच्या घरातले गुलाम नाहीत.