नारळीकरांच्या गोष्टीत दिल्लीला बादशहा आहे

जानेवारी उजाडला की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. सार असं: १४ जानेवारी १७६१ ला पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव यांना ती गोळी लागली नसती तर मराठे पानिपत जिंकले असते, इंग्रजांना इथे पायच रोवता आला नसता आणि देशभर भगवा फडकला असता. खाली पुरावा म्हणून, हे खुद्द जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विज्ञानानं सिद्ध केलंय! ही कथा माझ्या आवडीची. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाचलीय, देव जाणे.

आधी ते ‘सिद्ध केलंय’ बघू. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकच्या धडकेनंतर अशा मुंबईत जाऊन पोचतात, जिथे पानिपत आपण जिंकलोय. परत आल्यावर शास्त्रज्ञ मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना कटास्ट्रॉफी सिद्धान्त (लहानशा बदलानं परिस्थिती एकदम पालटते, असं सांगणारा) आणि पुंजवाद (क्वांटम थिअरी, अणूच्या आतल्या जगाचं विज्ञान) यांच्या आधारे उलगडा करून देतो. अकरावीच्या एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’ पुस्तकात या कथेचं इंग्रजी रूप आहे, त्यातला त्याचा दाखला मजेदार आहे. बंदुकीची गोळी दिशा आणि वेग माहीत असला की कुठे जाणार ते सांगता येतं, इलेक्ट्रॉनचं मात्र तसं सांगता येत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे अनिश्चित आहे तो इलेक्ट्रॉन, गोळी नव्हे. तिथून पानिपतच्या गोळीपर्यंतची उडी लेखकाच्या कल्पनेची आहे, आणि कथेत ती शोभते. पण सिद्धता शोधायला तिथे जाऊ नये. शिवाय दोन्ही फाटे शक्य होते असं म्हणणारी गोष्ट ‘असंच झालं असतं’ याचा पुरावा कशी होईल?

आता ‘इंग्रज आलेच नसते’. इथे तर कथा मजकुराच्या थेट विरुद्ध बोलते. गंगाधरपंत रेल्वेनं मुंबईत शिरतात तेव्हा डब्यांवर युनियन जॅक रंगवलेला असतो. व्हीटीबाहेर येतात तर समोर ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय! मुंबई कंपनीकडे भाडेपट्ट्यानं आहे आणि तो पट्टा २००१ साली संपायचाय. टाउन हॉलच्या ग्रंथालयात ते स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचा पाचवा खंड उघडतात. त्यात विश्वासराव आणि त्यांचे धाकटे भाऊ माधवराव कंपनीला मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या आसपास रोखून धरतात, हे खरं. पण दिल्लीला मुघल बादशहा तसाच, कारण पेशव्यांना तो सोयीचा. विसाव्या शतकापर्यंत पेशव्यांची धमक सरते, त्यांच्या जागी निवडून आलेली मंडळी येतात, आणि बादशहा तेव्हाही असतोच, संसदेच्या निर्णयांवर शिक्का मारायला. भगवं साम्राज्य शोधायला निघालेल्यांनी हे पान जपून वाचावं.

कथा सोडली तरी हिशेब जुळत नाही. कंपनीनं बंगालच्या नवाबाला हरवलं ती प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे पानिपतच्या आधीची. त्याच्याही आधी, १७५६ मध्ये विजयदुर्गला मराठा आरमारी सरदार तुळाजी आंग्र्यांचं आरमार बुडालं ते कंपनी आणि नानासाहेब पेशवे यांच्या संगनमतानं. समुद्रावर इंग्रजांना अडवू शकणारं बळ आपणच मोडीत काढलं. पानिपतच्या गोळीकडे त्याची जबाबदारी कशी ढकलायची?

‘एका गोळीनं घात केला’ हेही अर्धवटच. डिसेंबर १७६० मध्ये मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद तुटली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायकापोरं, यात्रेकरू, बाजारबुणगे; खायला दाणा नाही, जनावरांना वैरण नाही. त्या सकाळी फौज बाहेर पडली ती उपासमारीला कंटाळून. मराठ्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी सुरुवातीला अफगाण फळीला चांगलं भाजून काढलं, पण अफगाण बादशहा अब्दालीनं ताजी फौज राखून ठेवली होती आणि ती दुपारनंतर उतरवली, उंटांवरच्या जंबुरक्यांसकट, म्हणजे छोट्या तोफांसकट. विश्वासराव पडले, सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, मोकळी अंबारी बघून लोकांचा धीर खचला, हे सगळं खरं. पण विश्वासराव वाचले असते तरी शिपायांची पोटं रिकामीच होती आणि अब्दालीची राखीव फौज जागेवरच होती. लेखकाला गोष्ट टांगायला एक खुंटी लागते, त्यानं गोळी निवडली. माझ्या मते ती जरा नाजूक खुंटी आहे.

‘पानिपतानंतर मराठे संपले’ हे शेपूट काही मजकुरांना असतं. १७७१ मध्ये दिल्ली पुन्हा मराठ्यांच्या हाती आली आणि १७७९ मध्ये वडगावला कंपनीच्या फौजेनं नाक मुठीत धरून तह केला, एवढं पुरे.

पाचव्या खंडात अजून एक छोटी गोष्ट आहे: पानिपतच्या विजयानंतर दादासाहेब, म्हणजे नानासाहेबांचे धाकटे भाऊ राघोबादादा, मागे पडतात आणि राजकारणातून निवृत्त होतात. आपल्या इतिहासात तेच राघोबादादा पेशवाईसाठी कंपनीकडे गेले आणि १७७५ मध्ये सुरतेचा तह करून बसले. कथेतली कंपनी अडते त्यामागे हेही आहे, पण मजकुरात दादांचा उल्लेख मला अजून सापडलेला नाही.