तिच्या पायाची बोटं

आज मावसबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. (तिला विचारूनच लिहितेय. "नाव तेवढं टाकू नकोस ताई" म्हणाली.) घर माणसांनी गच्च, घुगऱ्यांचा वास, बायकांचं "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" रंगात आलेलं. त्यानंतर थोड्या वेळात बाळ रडायला लागलं म्हणून तिला आतल्या खोलीत पाठवलं. ओटीचं ताट ठेवायला मीही मागोमाग गेले. पलंगावर बसून पाजत होती. चेहरा अगदी फोटोतल्यासारखा, केसात गजरा, नवी पैठणी. पण पैठणीच्या काठाखालून पाय दिसत होते, आणि पायाची बोटं अशी आखडलेली की नखं तळव्यात रुतायची तेवढी बाकी होती.

मी ते पाय ओळखले. नऊ वर्षांपूर्वी माझेच होते ते.

"दुखतंय का गं?" एवढंच विचारलं, तर तिचा बांधच फुटला. "रक्त येतंय ताई, दोन्हीकडून." तेवढ्यात मावशी पेढ्यांचा डबा न्यायला आत आली. ऐकलं, आणि डबा उचलता उचलता म्हणाली, "सगळ्यांनाच होतं. कातडी निबर झाली की थांबतं. आम्ही नाही का पाजलं?" आणि गेली बाहेर.

मावशी फेसबुकवर आहे. वाचेल. वाचू दे.

सगळ्यांनाच होतं! या एका वाक्याने माझे पंधरा दिवस खाल्ले. लेक झाला तेव्हा मी कराडला माहेरी होते. डिसेंबर, कडाक्याची थंडी, खोलीत शेगडी, बाळंतशेपा-ओव्याची धुरी, सकाळी अळिवाची खीर, दुपारी डिंकाचा लाडू. लाड म्हणाल तर महाराणीचे. सकाळी मालिशवाल्या मावशी बाळाचं नाक ओढायच्या, टाळू भरायच्या, माझी कंबर रगडायच्या. आलेली प्रत्येक बाई विचारायची, "दूध येतंय ना?" एकीनेही विचारलं नाही, "पाजताना दुखतं का?"

आणि दुखायचं कसं, ते माझ्या मित्रयादीतल्या पुरुषांसाठी सांगते. (पुढे सरकू नका, तुमच्याही घरी बाळं झाली आहेत.) दिवाळीत फटाक्याने बोट भाजतं ना, तसं भाजलेलं बोट दर दोन तासांनी कुणीतरी चिमट्यात धरून ओढायचं. दिवसातून दहा-बारा वेळा. बाळ नुसतं कुरकुरलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा. माझं बाळ, नवसाचं नसलं तरी जिवापाड हवं असलेलं, आणि ते जागं होऊ नये म्हणून मी देवाला हात जोडायचे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नवव्या रात्री तो दूध पिऊन उलटला आणि त्यात तांबूस धागा दिसला. मी किंचाळले. आई धावत आली, आजी आली, वडील दाराबाहेर येरझाऱ्या घालायला लागले. ते रक्त माझंच होतं, चिरांमधून त्याच्या पोटात गेलेलं, आणि एवढ्याशाने बाळाला काही होत नाही, हे मला पुढे कळलं. त्या रात्री मात्र वाटलं, मी याला विष पाजतेय. आजीने साजूक तूप लावलं. आईने पंचा हातात दिला, "चाव याला, लेकराला सोडू नकोस." मी पंचा चावून पाजलं. बाराव्या दिवशी तोंड धुऊन, गजरा माळून, पाळण्याशेजारच्या खुर्चीत बसून फोटो काढून घेतले. त्या फोटोंत माझे पाय कुठेच दिसत नाहीत.

पंधराव्या दिवशी बाळाचं वजन करायला नेलं. जन्माचं होतं दोन किलो नऊशे, काट्यावर भरलं दोन सातशे पन्नास. दोन आठवड्यांत बाळ निदान जन्माच्या वजनावर परत यायला हवं, ते आलंच नव्हतं. डॉक्टरांनी मान वर न करता लिहिलं, वरचं सुरू करा. मी बाहेर येऊन बाकड्यावर रडत बसले. तिथे एक सिस्टर होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी हाताला धरून इंजेक्शनच्या खोलीत नेलं, पडदा ओढला आणि म्हणाल्या, "कसं धरतेस, दाखव."

मी दाखवलं. बाळ मांडीवर उताणं, छताकडे बघणारं, फक्त मान माझ्याकडे वळवलेली. आणि मी त्याच्यावर ओणवी, पाठीचं धनुष्य करून.

"आता तू मान खांद्याकडे वळवून पाणी पिऊन दाखव मला," सिस्टर म्हणाल्या.

मी खरंच करून पाहिलं. घोट उतरेना.

मग त्यांनी बाळ अख्खंच फिरवलं, त्याचं पोट माझ्या पोटाला. कान, खांदा, कंबर एका रेषेत. मला भिंतीला टेकून बसवलं, हाताखाली उशी सरकवली. "बोंड त्याच्या तोंडासमोर नको, नाकासमोर धर. वरच्या ओठाला टेकव आणि थांब." मी थांबले. तो तोंड उघडायचा, मी घाई करायचे, त्या माझा हात दाबून धरायच्या. "अजून नाही. जांभईएवढं उघडू दे." आणि त्याने खरोखर जांभईएवढं तोंड उघडलं तेव्हा, "आता! बाळ छातीकडे आण. छाती बाळाकडे नेऊ नकोस."

आधी हनुवटी रुतली, मग बोंडाभोवतीचा काळा भाग वरून थोडा आणि खालून पुष्कळ आत गेला, खालचा ओठ बाहेर उलटला. पहिल्या ओढीला कळ आली. मी वीस मोजले. कळ ओसरली. आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला त्याच्या गिळण्याचा आवाज आला.

मी पायांकडे पाहिलं. बोटं सुटली होती.

"त्याला बोंड नको देऊ गं, छाती दे," सिस्टर म्हणाल्या. सगळी विद्या या एका वाक्यात आहे, आणि हे सांगायला कुणाला पाच मिनिटं वेळ नव्हता!

का, तेही त्यांनी सांगितलं. तुम्ही वाचतावाचता स्वतःच्या जिभेने टाळू चाचपून बघा. पुढे कडक आहे ना? जीभ मागे न्या, तिथे मऊ लागतं. बाळाने तोंडभरून धरलं तर बोंड त्या मऊ भागापर्यंत पोचतं आणि तिथे त्याला काही होत नाही. नुसतं टोक धरलं तर ते कडक टाळू आणि जीभ यांच्यात चेचलं जातं. माझं पाजून झालं की तिरकं दाबलेलं, लिपस्टिकच्या टोकासारखं, पांढरंफटक बाहेर यायचं. तो पुरावा पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता, पण वाचायचा कसा ते कुणी शिकवलं नव्हतं. आणि नुसतं टोक चोखून दूधही पुरेसं येत नाही. म्हणजे माझ्या चिरा आणि त्याचं न वाढलेलं वजन, दोन्हींचं कारण एकच. दूध कमी नव्हतंच मुळी. पुढच्या आठवड्यात त्याचं वजन चढलं, वरचं द्यावं लागलं नाही.

कातडी निबर होते म्हणे! कातडी निबर होत नाही, मावशी. बहुतेक वेळा बाळ थोरलं होतं, तोंड मोठं उघडायला शिकतं, म्हणून थांबतं. आणि तोवर ज्यांच्याने निभत नाही त्या पाजणं सोडतात, मग त्यांनाच ऐकवायचं, "आजकालच्या मुलींना सोसवत नाही."

बरं, पहिले काही दिवस हुळहुळतंच, हे मान्य. पहिल्या ओढीची कळ आणि मग आराम, असं चार-सहा दिवस चालायचंच. पण बाराव्या दिवशी रक्त? ते चालायचंच नव्हे. पायात खडा टोचत असेल तर आपण चप्पल काढून बघतो ना?

हिरकणीची गोष्ट आपण शाळेत ऐकतो. गडाचे दरवाजे बंद झाले, तान्ह्यासाठी ती रायगडाचा कडा उतरली, महाराजांनी बुरूज बांधला. मला फार आवडते ती गोष्ट. पण आपण त्यातून एवढंच उचललं की आईने कडा उतरायचा असतो. रोज दहा वेळा उतर, आणि दोराबिरा मागू नकोस.

जाऊ दे, फार तापले. चहा करून आले.

चहा करताना आईला फोन केला. म्हटलं, आज मावशी असं असं म्हणाली. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तिच्या वेळी गाठ होऊन पू झाला होता गं. चिरा द्यावा लागला होता. ताप उतरेना म्हणून तुझ्या आजोबांनी रात्री बैलगाडी जुंपली." मी म्हटलं, हे मला कधीच कसं नाही सांगितलंस? "सांगण्यासारखं काय त्यात, सगळ्यांनाच..." आणि स्वतःच थांबली.

आता मावशीवर रागवू तरी कशी. बारा दिवस तीही झोपलेली नाही. पहाटे उठून खीर करते, लंगोट-दुपटी उन्हात घालते. तिला कुणी दाखवलं नव्हतं, तर ती लेकीला दाखवणार काय?

तरी बहिणीला जे मेसेजमध्ये लिहिलं, ते इथेही टाकते, कुणाच्या तरी घरी आज बाळंतीण असेल. बाळाला ओढून काढू नकोस. मी चिकटपट्टी ओढावी तसं काढायचे, निम्म्या चिरा त्यानेच. स्वच्छ करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकव, चोखण सुटते, मग काढ. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरू कर, भुकेचा पहिला जोर तिकडे जाऊ दे. दर वेळी साबणाने धुऊ नकोस, कातडी आणखी कोरडी पडते. पाजून झालं की आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाऱ्यावर वाळू दे. शुद्ध लॅनोलिनचं मलम मिळतं, ते पुसायची गरज नसते. (आजीचं तूप? त्यानेही बरं वाटायचं, आजी जिंकली.) एखादी बाजू अगदीच असह्य असेल तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाज, पण काढायचं चुकवू नकोस, नाहीतर दूध साकळतं. छाती लाल, गरम, दगडासारखी लागली आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. तेव्हाही पाजणं थांबवायचं नाही. बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे चट्टे आणि तुला सुया टोचल्यासारखी जळजळ, असं असेल तर बुरशी असू शकते, औषध दोघांनाही लागतं. आणि सगळं नीट धरूनही दुखतच राहिलं तर बाळाची जीभ खालून बांधलेली आहे का, ते बघून घे. माझ्या ऑफिसमधल्या एकीच्या मुलाचं तेच निघालं, दीड महिन्याने.

आणि हो, हे सगळं करूनही ज्यांना नाही जमलं, त्यांनी वरचं दिलं तर दिलं. बाळ उपाशी राहण्यापेक्षा बरं. यावर कॉमेंटमध्ये मला अमृत वगैरे शिकवू नका.

त्या सिस्टरांना मी पुढे साडी घेऊन गेले होते. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या, पत्ता कुणाकडे नव्हता. साडी कपाटातच आहे.

आत्ता, हे लिहिताना, रात्री पावणेतीनला बहिणीचा मेसेज आलाय. "ताई, जांभईएवढं तो उघडतच नाही. तू येतेस का?" म्हणजे पाजायला उठलीय. तिला कळवलंय, दुपारी एकला येते, दोन उशा घेऊन. त्या वेळी मावशी आडवी होते. नाही झोपली तर तिलाही शेजारी बसवते, बघू दे.