लातूरकरांनो, दाव्याआधी तारखा बघा

लातूरच्या दोन क्लासेसच्या ॲपमध्ये सराव चाचणीची स्क्रीन सारखीच आहे, म्हणून कॉपीराइटचा दावा ठोका, असं एका लेखात म्हटलंय. ठोका की, पण हाती काय लागणार? ॲपलनं १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर स्क्रीनच्या रूपावरून असाच दावा केला, त्यात साम्याचे १८९ मुद्दे होते. १७९ मुद्दे १९८५ च्या परवाना करारातच बसले (तो ॲपलनंच दिलेला!), उरलेल्या १० पैकी बहुतेकांना संरक्षण मिळालं नाही. स्क्रीनवर खिडक्या (विंडोज) एकावर एक दाखवणं ही कल्पना, आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतो. डावीकडं प्रश्न, उजवीकडं वेळ, ही मांडणीही त्यातलीच.

आपल्याकडं खरा मार्ग डिझाइन नोंदणीचा, म्हणजे वस्तूचं रूप आपल्या नावावर नोंदवण्याचा; कायदा २००० चा. नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर स्क्रीन आणि आयकॉनसाठी १४-०४ हा वर्ग आहे. मुदत १० वर्षं, वाढवून १५. तरी डिझाइन कार्यालय 'स्क्रीन म्हणजे वस्तू नाही' असा आक्षेप घेऊ शकतं. मोठी गोची वेगळीच: ॲप प्ले स्टोअरवर आधी टाकलं की डिझाइन 'नवीन' राहत नाही. अर्ज आधी, ॲप नंतर. उशीर झालाच असेल, तर कोड, चित्रं आणि प्रश्नांचा मजकूर जशास तसा उचललाय का ते तपासा. तिथं कॉपीराइट चालतो.