‘पोलिसांना ट्रकबंदीचा अधिकारच नाही’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

ट्रकमालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अवजड वाहनांना बंदी घालायचा पोलिसांना अधिकार नाही, नॅशनल परमिटवाल्या गाडीला बंदी लागूच होत नाही, ओव्हरलोडचा दंड भरला की गाडी सोडावीच लागते, आणि चलान भरलं नाही तर ६ महिन्यांनी आपोआप रद्द होतं. मी मालवाहतुकीच्या चलानांची कामं बघतो. या मेसेजच्या भरवशावर ड्रायव्हर नाक्यावर हुज्जत घालतात आणि भोगतात, म्हणून लिहितोय.

आधी बंदीचं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११५ वाचा. लोकांची सुरक्षितता, सोय किंवा रस्त्या-पुलाची स्थिती पाहून राज्य सरकार, किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी, ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालू शकतो. पोलीस आयुक्तांना तो अधिकार दिलेला असेल तर त्यांचा आदेश कायदेशीरच आहे. मात्र मालकाच्या उपयोगाची गोष्ट याच कलमात आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. बंदी महिन्याहून जास्त दिवसांची असेल तर ती राजपत्रात यायला हवी. कमी दिवसांची असेल तर निदान स्थानिक प्रसिद्धी हवी. आणि रस्त्यावर फलक हवा.

एका चलानात आम्ही असा फलक बघायला गेलो होतो. फलक होता, पण झाडाच्या फांदीआड. केबिनमधून ‘अवजड’ एवढाच शब्द दिसत होता, बंदीची वेळ दिसतच नव्हती. ड्रायव्हरने त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढला असता तर काम झालं असतं. आम्ही पोचलो ३ आठवड्यांनी, आणि ‘फांदी तेव्हाही होती कशावरून?’ हा प्रश्न कोर्टात आलाच.

नॅशनल परमिट दुसऱ्या राज्यांत माल न्यायची मुभा देतो. कलम ११५ ची बंदी त्याने उठत नाही.

ओव्हरलोडचा मुद्दा सगळ्यात महागात पडतो. कलम १९४ नुसार २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि माल उतरवायचा खर्च. म्हणजे ३ टन जादा असतील तर नुसता दंडच २६,०००. एवढे भरूनही जादा माल उतरेपर्यंत गाडी हलवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. वजन करायला नकार दिला तर ४०,०००. तेव्हा भांडायचं असेल तर आकड्यावर भांडा. वजनकाट्याची पावती मागा, त्यावर गाडी नंबर आणि वेळ आहे का बघा, वजन आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) पासिंगशी, म्हणजे मंजूर वजनाशी, ताडून घ्या. नुसतं गाडीकडे बघून जादा टन ठरत नाहीत.

६ महिन्यांची गोष्ट अर्धी खरी आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला तेवढी मुदत असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). पण मुदतीत तक्रार दाखल झाली असेल तर हा बचाव चालत नाही, आणि झालेला उशीर माफ करायचा अधिकारही कोर्टाला आहे. मुदत टळली असेल तर ते कोर्टात जाऊन सांगावं लागतं. पोर्टलवरचं चलान स्वतःहून पुसलं जात नाही.

आणि चलान चुकीचं वाटत असेल तर घाईने पैसे भरू नका. जागेवर भरलेली रक्कम म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची तडजोड. ती झाली की प्रकरण तिथेच मिटतं, मग फांदीचा फोटो दाखवायचा कोणाला?