रंगाखाली दगड आहे

बाबांच्या तपासण्यांसाठी या वर्षी चारदा भायखळ्याला जाणं झालं. नाशिकरोडहून पंचवटी पकडायची, दादरला उतरायचं, पुढे स्लो लोकल. पहिल्या खेपेला डॉक्टरांची वेळ गाठायची होती आणि बाबा स्टेशनातून हलेचनात. भिंतीवर तळहात टेकवून उभे. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. म्हणाले, "टाकीचे घाव बघ कसे दिसतायत. रंग खरवडून काढलाय यांनी."

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती याच भायखळ्यावरून. तेव्हा इथलं स्टेशन लाकडी होतं. आत्ताची दगडी इमारत १८५७ ची, म्हणजे सीएसएमटीच्या इमारतीहून तीस वर्षं जुनी. तिच्यावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढत गेले. २०१९ पासून वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली ते उतरवले, बिडाचे खांब आणि खिडक्या दुरुस्त केल्या. आणि हे सगळं स्टेशन चालू असताना. २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला.

परतीच्या गाडीत कसाऱ्यापर्यंत बाबा हाच विषय बोलत होते. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते, तिच्यात शिरलेली ओल चुन्यातूनच हळूहळू बाहेर पडते. वरून सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चोपडला की ओल आत कोंडते, सांधे भुसभुशीत होतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. मग कुणीतरी येऊन म्हणतं, इमारत जुनी झाली, पाडा. आमच्या गल्लीतला एक वाडा असाच गेला. त्या वाड्याला सिमेंट लावायला बाबाच गेले होते, मालकाच्या हट्टापायी. ते त्यांना अजून लागतं.

हे आत्ता लिहितोय कारण २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. देवळाली आणि लासलगाव स्टेशनांचं नूतनीकरण होऊन २२ मे २०२५ ला उद्घाटनही झालं. नाशिकरोडला रुंद पूल हवेत, लिफ्ट हवी, लाखो भाविक उतरतील एवढी जागा हवी. पासधारक म्हणून मी ते रोज मागतो. माझं म्हणणं एवढंच की या मार्गावर जिथे जुनं दगडकाम शिल्लक असेल तिथे टाइल्स चिकटवण्याआधी आणि घण घालण्याआधी चुन्यातलं काम जाणणारा माणूस आणून दाखवा. काळाराम मंदिराचा काळा पाषाण जपणाऱ्या गावाला दगडाचं मोल नव्याने सांगायला लागू नये.

१८८९ मध्ये आपल्याकडे मेनरोडच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. तिचा एक रूळही मला कधी बघायला मिळाला नाही. कुठे होता, कसा वळत होता, सांगणारी माणसंही संपत आली.

म्हणून एक विनंती. कुणाच्या घरी नाशिकरोड, देवळाली, इगतपुरी स्टेशनांचे जुने फोटो असतील, आजोबा रेल्वेत असतानाचे, लग्नाच्या वऱ्हाडाचे, कसलेही, तर कमेंटमध्ये टाका. मागची भिंत, खांब, कमान दिसत असेल तर फारच उत्तम. पुढच्या खेपेला निघण्याआधी बाबांना दाखवायचेत.