ट्रस्टच्या इमारतीला घरपट्टी माफ? आधी कलम १३२ वाचा

माझी आत्या एका धर्मादाय ट्रस्टच्या इमारतीत राहते. एकट्या आणि बेताच्या उत्पन्नाच्या बायकांसाठीच ती बांधलेली आहे. परवा तिने तिथल्या व्यवस्थापकांना चारचौघींत सुनावलं, "ट्रस्टला घरपट्टी लागतच नाही, मग आमच्याकडून वाटा कसला घेता?" हे ज्ञान अर्थातच व्हॉट्सॲपवरचं. मेसेज मीही वाचला. त्यात म्हटलंय की नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला घरपट्टी शून्य असते, ८०जी मिळालं की सगळेच कर माफ होतात, या माफीचा भुर्दंड सामान्य करदात्यावर पडतो, आणि म्हणून अशा इमारतींतल्या रहिवाशांनी वाटा देणं ताबडतोब बंद करावं.

८०जीचं एका ओळीत आटपतं. ती देणगी देणाऱ्याला मिळणारी आयकरातली सवलत आहे, महापालिकेच्या बिलाशी तिचा काडीचाही संबंध नाही.

आता 'शून्य'. मुंबईचा कायदा १८८८ चा आणि वेगळा, तो सोडून देऊ. राज्यातल्या बाकी महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम १३२ मध्ये केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरात असलेल्या वास्तूला माफी आहे. मेसेज लिहिणारा इथवर वाचून थांबला असावा. (वाचलं असेल तर!) ही माफी घरपट्टीच्या बिलातल्या फक्त 'सर्वसाधारण कर' या भागाची आहे, पाणीपट्टी त्यात येत नाही. आणि त्याच कलमात पुढे असंही आहे की ज्या वास्तूपासून भाडं मिळतं ती या माफीत धरायची नाही, मग ते भाडं धर्मादाय कामालाच खर्च होवो वा न होवो.

खरी गोम इथे आहे. फुकट दवाखाना किंवा वाचनालय चालवणारी संस्था यातून सुटू शकते. पण जिचं धर्मकार्यच मुळात स्वस्तात घर देणं आहे, तिने दुरुस्तीपुरतं भाडं घेतलं तरी ती अडकते. त्यात जिथे वार्षिक भाडेमूल्यावर आकारणी होते, तिथे ती जागा भाड्याने दिली तर वाजवी अपेक्षेने किती भाडं येईल, ही कायद्याची कसोटी आहे. संस्था मुद्दाम कमी घेते, म्हणून बिलही तेवढंच उतरेल याची खात्री नाही. गरिबांना घर देणाऱ्यांवरच हा नियम सर्वांत जड पडतो, आणि मेसेज त्यांनाच चोर ठरवतो.

दिल्लीचा कायदा वेगळा असला तरी भाड्याची अट तिथेही आहे. १९९२ मध्ये चिल्ड्रन बुक ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की शिक्षणासारखं काम असलं, तरी फी घेऊन चालणाऱ्या शाळेला तेवढ्यावर करमाफी मिळत नाही.

भुर्दंडाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. माफी दिली की महापालिकेचं उत्पन्न घटतं, आणि कागदोपत्री धर्मादाय असलेला हॉल लग्नांना देणारे महाभागही आहेत. पण तसा हॉल कलम १३२ प्रमाणे माफीत बसतच नाही. तक्रार त्याची करा.

सगळ्यात घातक तो शेवटचा सल्ला. जागा भाड्याने दिलेली असेल तर कर भरण्याची पहिली जबाबदारी भाडं घेणाऱ्या मालकावर, म्हणजे इथे ट्रस्टवर. दहा जणींनी वाटा थांबवला तर बिल थांबत नाही, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढत जाते. तेवढे पैसे मग गच्चीच्या गळतीच्या कामातून किंवा लिफ्टच्या दुरुस्तीतून काढावे लागतात. थकबाकी फारच वाढली तर मालमत्ता जप्त करायचाही अधिकार महापालिकेला आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्याचं यात काय जातं?

आत्याला मी म्हटलं, बिलाची प्रत माग, तुझा वाटा कसा काढला ते विचार, तो तुझा हक्कच आहे. तिने प्रत मागितली आणि व्यवस्थापकांनी लगेच दिली. सर्वसाधारण कर त्यात आहे. माझ्याशी मात्र ती अजून जरा घुश्शातच बोलते.